वाईचा वैशाख : दिवाळी अंकाची कथा, कुरडयांची राखण आणि गावाभोवतीची भटकंती

गणपतीआळी (धागालेखिका)

दिवाळी अंकासाठी कथा मागणारे संपादकांचे पत्र बहुधा मे महिन्यात येते. त्यामुळे आकाशकंदिलाच्या उजेडात वाचला जाणारा मजकूर आपल्याकडचे लेखक कैरीचे पन्हे पीत आणि घामाने मनगटाला चिकटलेला कागद सोडवत लिहितात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून किती लेखकांनी वैशाखात बसून गुलाबी थंडीची वर्णने केली असतील, याचा कोणीतरी रीतसर अभ्यास करायला हवा. यंदा माझ्याकडे एक विनोदी कथा होती आणि एक किशोरकादंबरी होती, जिची नायिका सुटीसाठी मेणवलीला आजोळी आलेली अकरा वर्षांची मुलगी आहे. कोणीही न मागितलेले तिसरे काम म्हणजे जुन्या वाड्यांच्या दारांची पेन्सिलीने काढलेली चित्रे. तेच सर्वांत वेगाने पुढे सरकले, हे सांगायला नकोच.

लेखनासाठी कुठेतरी निवांत जागी जाऊन राहावे, असा सल्ला मला दर वर्षी मिळतो. सल्ला देणाऱ्यांच्या घरी कुरडया होत नसाव्यात. आमच्याकडे वाळवणाच्या राखणीचे काम घरातल्या सर्वांत निरुद्योगी व्यक्तीकडे जाते आणि लेखन करणारी व्यक्ती त्या पदाला आपोआप पात्र ठरते. म्हणून यंदा मी असे ठरवले की पहाटे उठून ऊन चढेपर्यंत लिहायचे, दुपार गच्चीला आणि झोपेला द्यायची, आणि मधूनमधून एखादा दिवस वाईच्या आसपास अशा ठिकाणी जायचे, जिथून संध्याकाळचा कुकर लावायच्या वेळेपर्यंत घरी परतता येईल. अट एकच होती, की त्या ठिकाणी बसून लिहायचे नाही. वही न्यायचीच असेल तर चित्रांची न्यायची.

विनोदी कथा गच्चीवरच सुचली, तिच्यासाठी कुठेही जावे लागले नाही. संपूर्ण आळीच्या वाळवणाची राखण स्वेच्छेने करणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांनी कावळ्यांचे हजेरीपत्रक ठेवले आहे, एवढे बीज हाती लागल्यावर बाकीची कथा पापडांच्या दोन घाण्यांमध्ये लिहून झाली. कादंबरी मात्र अडली होती, आणि भटकंतीचा खरा उपयोग तिलाच झाला.

मेणवली वाईपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर. नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा, त्यातली भित्तिचित्रे, मागच्या बाजूला कृष्णेचा घाट आणि घाटावरची ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा, हे सगळे मी लहानपणापासून पाहुण्यांना दाखवत आले आहे, म्हणजेच स्वतः नीट पाहिलेले नाही. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ही घंटा मराठ्यांच्या हाती आली आणि तिच्यावर १७०७ हे साल आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात ही घंटा रात्री नायिकेशी बोलत असे. तिचे बोलणे असे गंभीर होते, की माझे मलाच ऐकवत नव्हते. मे महिन्यातल्या एका सकाळी पाहुण्यांशिवाय एकटीच तिथे जाऊन बसले, तेव्हा दिसले की पोहायला आलेल्या मुलांना घंटेचे काहीही पडलेले नाही. तिच्याजवळची सावली ही कपडे आणि चपला ठेवण्याची हक्काची जागा आहे, आणि कोणाच्या चपला कोणी लपवल्या यावरून तिथे रोज एक खटला चालतो. घरी येऊन मी घंटेचे सर्व संवाद काढून टाकले. आता नायिकेची चप्पल तिथून नाहीशी होते आणि कादंबरी तिथून सुरू होते.

दुसरी फेरी साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटेच्या विहिरीची. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी. वरून पाहिल्यास शिवलिंगासारखा आकार. आणि आत चक्क महालासारखी दालने. मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पखाली, पंधरा बसू शकतील अशी सोय आहे, पण नाव मात्र बाराचे. या पाण्यावर आंब्याची मोठी बाग भिजत असे, असे सांगतात. वास्तू अप्रतिमच आहे, परंतु मला तिथे मिळालेला खरा ऐवज म्हणजे लहानपणी मोट हाकलेले एक वयोवृद्ध शेतकरी. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, उतरत जातात तेव्हा नाडा (जाड दोर) ओढला जाऊन भरलेली मोट वर येते, थारोळ्यात (काठावरच्या कुंडात) पाणी पडते आणि मग तेच बैल तोंड न फिरवता, पाठमोरे, पावलापावलाने धाव चढून मागे येतात, हे त्यांनी मला स्वतः पाठमोरे चालून दाखवले. माझ्या कादंबरीतल्या आजोबांना तोपर्यंत काहीही काम नव्हते. ते झोपाळ्यावर बसून सुविचार सांगत असत. आता ते अंगणात पाठमोरे चालतात आणि शेजारच्या मुलांना वाटते की आजोबांना काहीतरी झाले आहे.

पाचगणीजवळच्या भिलारविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे लेखनाचे काहीच झाले नाही. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना सुचलेली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, म्हणजे लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तके ठेवली गेली आणि कोणीही जाऊन फुकट वाचत बसावे अशी सोय झाली. एका घराच्या ओसरीवर चरित्रे, दुसऱ्याच्या माडीवर कविता. लेखकाने तिथे हातातले काम अपुरे असताना जाऊ नये, एवढेच माझे मत आहे. इतकी उत्तम पुस्तके आधीच लिहून झालेली पाहिली की आपण आणखी एक का लिहावे, हा प्रश्न स्ट्रॉबेरीच्या शेतांकडे पाहतानाही मनातून जात नाही.

पण भिलारला जाताना आणि येताना केलेला एसटीचा प्रवास मात्र कामी आला. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पसरणी घाटाच्या गाडीत बायकांची संख्या आणि संवादांचा दर्जा हे दोन्ही लक्षणीय वाढले आहेत. पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. त्या मातीत खणखणीत आवाजाची परंपरा अजून शाबूत आहे, असे माझ्या मागच्या आसनावरून कळले. एका लग्नातील आहेराचा पंचनामा घाटाच्या पायथ्यापासून पाचगणीच्या स्थानकापर्यंत पुरला. नायिकेच्या मावशीच्या तोंडी मी आधी घातलेली पुस्तकी वाक्ये त्याच रात्री खोडली.

तर सांगायचे ते असे की, घराजवळच्या जागी पाहुणे सोबत नसताना गेल्यामुळे लेखनात नेमके काय बदलले, ते मी वर लिहिले आहे. तुम्हीही आपापल्या गावाभोवतालचे असे अनुभव लिहावेत. केवळ ठिकाणांची यादी नको; ती सगळीकडे मिळते. त्या ठिकाणाने तुमच्या कथेतले, कवितेतले, चित्रातले काय पाडले किंवा काय उभे केले, ते वाचायला आवडेल.

साताऱ्याचा_शिक्षक

ताई, धागा आवडला. लिंबला आपण गेलात, मग थोडे पुढे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधलाही जायला हवे होते, कारण दारांची चित्रे काढणाऱ्या माणसाला तिथले श्री भवानी संग्रहालय टाळणे परवडणारे नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करत आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार तर त्यांनी आयुष्यभर केला. मूळपीठाच्या यमाईच्या डोंगरावर, निम्म्या वाटेवर त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रे पाहायला लोक जातात, आणि त्याच इमारतीत इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘मदर अँड चाइल्ड’ हे लहानसे पाषाणशिल्प आहे, हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या एका छोट्या संस्थानाच्या राजाला हे शिल्प घ्यावेसे वाटले, ही गोष्ट मला त्या शिल्पाइतकीच मोलाची वाटते.

आपण ‘काय बदलले’ असे विचारले आहे, म्हणून सांगतो. मी कविता लिहितो. शाळेला सुटी लागली की मी औंधला जातो आणि त्या शिल्पासमोर उभा राहतो. पूर्वी माझ्या कवितेत आईविषयी फार शब्द असायचे. पदर, चूल, डोळ्यांतील पाणी असा सर्व साठा मी वापरत असे. मूर यांनी त्या दगडात आईचा चेहरासुद्धा धड केलेला नाही, तरी ती आई आहे हे लांबूनच कळते. त्यानंतर मी जुन्या कवितांतली बरीच विशेषणे काढली. दोन कविता तर विशेषणांबरोबरच संपल्या, त्याला माझा इलाज नाही.

मुद्रितशोधक

मी दिवाळी अंकांची मुद्रिते तपासतो, त्यामुळे लेखकांच्या उन्हाळ्याचे परिणाम मला भाद्रपदात भोगावे लागतात. धागालेखिकेने भटकंतीची जी बाजू मांडली आहे तिला माझा विरोध नाही, परंतु तिची दुसरी बाजूही नोंदवतो. लेखक कुठे फिरून आला की त्याच्या कथेत माहितीफलक शिरतो. दोन प्रेमिक किल्ल्यावर भेटतात आणि पुढच्या परिच्छेदात नायक नायिकेला तटबंदीची लांबी, बांधकामाचे साल व किल्लेदाराची वंशावळ ऐकवतो. ती तरीही त्याच्याशी लग्न करते, हे तर मला मुळीच पटत नाही. किशोरसाहित्यात हा रोग अधिक. मुलांना काही शिकवलेच पाहिजे या भावनेने प्रत्येक सहलीचा इतिहासाचा तास होतो.

म्हणून विचारतो, की मेणवलीच्या घंटेवरचे १७०७ हे साल आपल्या कादंबरीत आहे की नाही? असेल तर ते माझ्या हाती येण्यापूर्वी काढून टाकावे.

गणपतीआळी

औंधची सूचना शिरोधार्य. शिक्षकमहोदय, विशेषणांबरोबर संपलेल्या कवितांबद्दल मनापासून सहानुभूती.

मुद्रितशोधक, आपला आक्षेप रास्त आहे आणि मला त्याचे उत्तर कादंबरीतूनच द्यावे लागले. लिंबच्या विहिरीची खोली, व्यास, बांधकामाचा काळ हे सगळे मी वर धाग्यात लिहिले, कारण इथले वाचक ती माहिती पाहून उद्या तिकडे जाऊ शकतात. कादंबरीत मात्र त्यांतले काहीही आलेले नाही; आले ते फक्त पाठमोरे चालणे. माझी कसोटी अशी आहे की, तपशील काढून टाकल्यावर कोणाला तरी वेगळे वागावे लागत असेल तर तो ठेवावा. आजोबा पाठमोरे चालले नाहीत तर मुले भिंतीवरून डोकावणार नाहीत, मुले डोकावली नाहीत तर हरवलेली चप्पल शेजारच्या परसात आहे हे त्यांना दिसणार नाही. व्यास ५० फुटांऐवजी ४० असता तरी माझ्या कथेतले कोणीही एक पाऊलसुद्धा वेगळे टाकले नसते.

घंटेचे साल अजून आहे. नायिका ते बोटाने गिरवते, एवढाच त्याचा उल्लेख आहे. ते काढावे की ठेवावे याबद्दल माझे मन डळमळीत आहे, हे मान्य करते.

कूलरसमोर

नागपूरहून लिहितो आहे, त्यामुळे पहिल्यांदा एक निवेदन. वाईच्या मंडळींनी उन्हाळ्याविषयी तक्रारीच्या सुरात लिहू नये. पारा ४५ च्या पुढे गेलेला आहे, नवतपा सुरू झालेला आहे, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे ते नऊ दिवस, ज्यांत आमच्याकडे कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडण्यापूर्वी विचार करतात. वाळ्याच्या ताट्या भिजवून कूलर लावला तरी त्याच्या समोरून दोन हात सरकले की लेखन थांबते. माझी एकांकिका त्यामुळे एकाच खोलीत घडते आणि तिच्यातले एकही पात्र जागचे हलत नाही. परीक्षकांनी गेल्या खेपेला तिला ‘दिग्दर्शनाच्या दृष्टीने धाडसी’ म्हटले होते.

स्थानिक भटकंती आमच्याकडे पहाटे किंवा रात्री. फुटाळा तलावाच्या काठी रात्री दहानंतर अर्धे नागपूर असते. परंतु लेखनाच्या संदर्भात सांगण्यासारखी फेरी म्हणजे रामटेकची. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. विद्वानांत त्याबद्दल वाद आहेत, पण ज्येष्ठात गडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाच्या मनात कोणताही वाद उरत नाही. काव्यात यक्षाला एक वर्षाची शिक्षा आहे आणि आषाढात ढग दिसतो तेव्हा त्याचे चार महिने उरलेले आहेत. म्हणजे आठ महिने झाले, आणि त्यांत संपूर्ण उन्हाळा आला! शाळेत आम्हांला विरहाची व्याकुळता वगैरे शिकवले गेले. विदर्भातला आख्खा उन्हाळा डोंगरावर काढलेला माणूस पहिला ढग दिसताच त्याच्याशी बोलू लागला, तर त्याला विरहाचे कारण कशाला हवे?

यावरूनच मी एकांकिकेचा शेवट बदलला. आधी नायक पत्नीला फोन करून रडत असे. आता तो खिडकी उघडतो, आकाशात ढग आहे का पाहतो आणि खिडकी पुन्हा लावतो. रडण्यापेक्षा हे आमच्या प्रेक्षकांना अधिक समजेल.

मुद्रितशोधक

कूलरसमोर, हा शेवट उत्तम आहे. मिराशींचे नाव संवादात घालू नका, एवढीच विनंती.

दोन_नातवंडे

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असावा, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मुद्रितशोधकांचे म्हणणे मला पटत नाही. मुलांना साले आवडतात. कंटाळा येतो तो सालांचा नव्हे, तर साल सांगताना मोठ्या माणसांचा जो आवाज होतो त्याचा. माझा धाकटा नातू डायनासोरांचे कोट्यवधी वर्षांचे हिशेब तोंडपाठ सांगतो, त्याला १७०७ कसे जड होईल?

सुटीत दोन्ही नातवंडे आली की मी त्यांना धोमला नेतो. धौम्य ऋषींच्या नावावरून हे गाव ओळखले जाते, नरसिंहाचे देऊळ आहे, आणि मुख्य म्हणजे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. कुंडात पाणी भरलेले असले की तो तरंगतो आहे असा भास होतो. उन्हाळ्यात कुंड कोरडे असले की मोठी माणसे हळहळतात, पण मुलांना कोरडे कुंडच आवडते, कारण तेव्हा कासव नीट दिसते. ‘आजोबा, कासवाला नंदीचे वजन होत नाही का?’ हा प्रश्न मला दोन्ही नातवंडांनी वेगवेगळ्या वर्षी विचारला. मी गोष्टी लिहीत नाही, रात्री अंथरुणावर सांगतो. त्या गोष्टीत आता कासव दर अमावास्येला नंदीला थोडे सरकायला सांगते आणि नंदी झोपेचे सोंग घेतो. नरसिंह मध्ये पडायला नकार देतो. त्याचे म्हणणे, मी खांबापुरता.

तात्पर्य एवढेच, की ताईंनी साल ठेवावे.

मेलबर्नमधला_वाईकर

इकडे मे महिन्यात हिवाळ्याची चाहूल लागते आणि मी हीटर लावून हा धागा वाचतो आहे, त्यामुळे कुरडयांच्या परिच्छेदाशी थोडा थांबलो. माझी भर छोटी आहे. लेखनासाठी दूर जावे लागते की नाही हा प्रश्न वाईत तरी पडू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश वाईत आकाराला आला. १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. जगातल्या नद्या, यंत्रे, तत्त्वज्ञाने आणि कीटक यांच्या नोंदींवर कृष्णेकाठच्या एका लहान गावात संपादकीय हात फिरला. आज मी त्याच नोंदी इथे बसून महाजालावर वाचतो. त्या लेखकांना कोणी ‘आधी जग पाहून या’ असे म्हटले असते तर पहिला खंड अजून निघाला नसता.

आणखी एक. मे महिन्यातील वसंत व्याख्यानमालेचा आपण उल्लेख केला नाहीत. पुण्यातील मूळ माला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. वाईलाही अशी माला होते आणि आमच्या लहानपणी तिथे जाणे म्हणजे एक प्रकारची संध्याकाळची सहलच असे. वक्ते ऐकण्यापेक्षा श्रोते पाहण्यात माझा वेळ अधिक गेला, हे आता सांगायला हरकत नाही. ताईंना कथेतले ते निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या रांगेत नक्की भेटतील.

गणपतीआळी

ते तिथेच भेटले होते. हजेरीपत्रक मात्र माझे.

आता थोडी प्रगती कळवते. वळवाच्या पहिल्या सरीच्या आधी कमळगडाची फेरी उरकली. धोमच्या जलाशयाच्या कडेने नांदगणे गावापर्यंत जायचे आणि पहाटेच चढायला लागायचे. ऊन तापल्यानंतर तिथे जाणे म्हणजे केवळ हट्ट. गडावर तटबुरुजांचे फारसे काही उरलेले नाही, पण माथ्यावर जमिनीत खोल उतरत जाणारी एक चीर आहे, तिला पायऱ्या आहेत आणि आतल्या भिंती कावेच्या, म्हणजे गेरूच्या लाल मातीच्या आहेत. लोक तिला कावेची विहीर म्हणतात. बाहेर वैशाख आणि आत अंगावर शहारा आणणारा गारवा. परत येताना रानात करवंदे पिकलेली होती आणि खाली एका मावशींनी पानांच्या द्रोणात जांभळे विकायला ठेवली होती, त्यामुळे चित्रांच्या वहीवर जे डाग पडले आहेत ते आता चित्रांचाच भाग समजावेत.

या फेरीने कादंबरीला एक प्रकरण दिले, पण गड मात्र दिला नाही. नायिका आणि शेजारचा मुलगा गडावर जायला निघतात आणि अर्ध्या वाटेवर करवंदांच्या जाळीपाशीच त्यांचे भांडण होऊन ती परत फिरतात. गड न पाहता परतलेली मुले घरी आल्यावर गडाचे जे वर्णन करतात, ते मी लिहू शकले असते त्यापेक्षा फारच भव्य आहे. त्यात वाघ आहे. लाल विहीरही आहे, परंतु ती लाल का आहे याचे त्यांनी दिलेले कारण इथे सांगण्यासारखे नाही.

सालाच्या वादावर तोडगा म्हणून मी आमच्या आळीतल्या मुलांना गच्चीवर बोलावले, राखणीच्या वेळी, म्हणजे एका कामात दोन कामे होतात, आणि घंटेचे प्रकरण दोन्ही प्रकारे वाचून दाखवले, एकदा सालासह आणि एकदा सालाविना. कोणालाही फरक जाणवला नाही. मुद्रितशोधक आणि आजोबा, आपण दोघेही हरलात. मुलांनी विचारलेला एकमेव प्रश्न असा होता की, इतकी जड घंटा वसईहून मेणवलीला, मध्ये सह्याद्री असताना, आणली कशी? त्यावर तिथेच दोन तट पडले. एका गटाच्या मते बैलगाड्या, दुसऱ्याच्या मते हत्ती, आणि सर्वांत धाकट्याच्या मते ती गडगडत आली. या गडबडीत कावळ्यांनी कोपऱ्यातल्या कुरडयांचा समाचार घेतला आणि घरातून जे ऐकावे लागले ते विनोदी कथेत जसेच्या तसे घातले आहे.

आता या प्रवासाचे एक प्रकरण लिहिल्याशिवाय मुले मला सोडणार नाहीत, आणि संपादकांनी तर आषाढाच्या आत मजकूर मागितला आहे.

साताऱ्याचा_शिक्षक

मी धाकट्याच्या बाजूने. घंटा गडगडत घाट उतरते आहे आणि मागून सगळे सैन्य धावते आहे, हे चित्रही आपल्याला काढता येईल.

कूलरसमोर

आमच्याकडे काल संध्याकाळी चार थेंब पडले. मी त्यांच्याशी बोललो नाही, पण मोह झाला होता. घंटेसाठी हत्तीच घ्या ताई. भव्यता येते, आणि रंगमंचाची अडचण कादंबरीला नसते.

मुद्रितशोधक

मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावा आणि साल ठेवायचेच असेल तर अंकांत लिहावे, अक्षरांत लिहिल्यास ते दीड ओळ खाते. घंटा कशी आणली या प्रकरणाला माझी हरकत नाही, कारण त्यात कोणीतरी काहीतरी करते आहे. गडगडण्याच्या पर्यायाचा गंभीरपणे विचार व्हावा.

दोन_नातवंडे

हत्ती मात्र नको. माझ्या गोष्टीत एकदा चुकून हत्ती आला होता. नंदी, कासव आणि नरसिंह तिघांनाही त्यानंतर रात्रभर कोणी विचारले नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला धोमऐवजी हत्ती दाखवायला घेऊन जा, असा हट्ट सुरू झाला. बैलगाड्या घ्या. बैल आपल्याला मागे आणता येतात; तुमच्या आजोबांनी आताच शिकवले आहे.